विमा कंपनी म्हणते पुन्हा तपासणी करा, जायचं का? : वाचकांचे प्रश्न, वकील ताईंची उत्तरं

या महिन्याच्या पत्रांमधे निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची निघाली. अपघात झाला, क्लेम टाकला, आणि आता समोरून कुणीतरी म्हणतंय की तुमची पुन्हा डॉक्टरी तपासणी करायची. म्हणून यावेळी सातबारा, वाटणीपत्र, बक्षीसपत्र सगळं बाजूला. नावं कुणाचीच छापत नाही, तालुका तेवढा ठेवलाय आणि काही तपशील मुद्दाम बदललेत.

प्रश्न : ताई, माझा धाकटा भाऊ, वय ३२, ऊसतोडीला जातो. मागच्या सीझनला कराडच्या अलीकडं हायवेला ट्रॉलीचं टायर बदलायला उतरले होते तर मागून ट्रकनं ठोकलं. मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकलाय, गुडघा पूर्ण वाकत नाही. बीडच्या कोर्टात क्लेम टाकलाय. एका खाजगी डॉक्टरकडून ४८ टक्क्याचं सर्टिफिकेट काढलं, त्यांनी नुसता एक्स-रे पाहिला आणि फी घेतली. आता ट्रकच्या विमा कंपनीनं अर्ज दिलाय की याला सरकारी बोर्डापुढं पाठवा. ज्यानं आम्हाला केस करून दिली तो म्हणतो अजिबात जाऊ नका, टक्का पडेल. कंपनीचा एक माणूस गावात येऊन मोबाईलवर शूटिंग पण करून गेला. लई टेन्शन आहे, काय करावं? (गेवराई तालुका, जि. बीड)

उत्तर : दादा, जायचं. कोर्टानं आदेश केला की गुपचूप तारखेला जायचं, आणि नाही गेलात तर कोर्ट म्हणणार की लपवण्यासारखं काहीतरी आहे म्हणूनच हा आला नाही.

आधी एक घोळ सोडवू. कंपनीनं अर्ज दिला म्हणून बोर्ड कंपनीचं होत नाही. बोर्ड म्हणजे सरकारी दवाखान्यातले डॉक्टर, सिव्हिलचे नाहीतर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ मेडिकल कॉलेजचे नाहीतर संभाजीनगरच्या घाटीचे, त्यांना कंपनीकडून दमडी मिळत नाही. आपल्याकडं मोटार अपघाताच्या केसमधे कंपनीनं थेट तुम्हाला फोन करून 'आमच्या डॉक्टरकडं या' म्हटलं तर तुम्ही विचारू शकता, कुणाच्या आदेशानं? लेखी द्या, माझ्या वकिलाला द्या. पण कोर्टाच्या आदेशानं बोर्ड, हा वेगळा मामला आहे आणि खरं सांगायचं तर तुमच्या फायद्याचा आहे.

का ते सांगते. २०१० साली सुप्रीम कोर्टाचा राजकुमार विरुद्ध अजय कुमार असा निकाल आला, आजही अपंगत्वाच्या प्रत्येक क्लेममधे दोन्ही बाजूंचे वकील तोच घेऊन उभे राहतात. त्यात कोर्टानं सरळ लिहिलंय की ज्यांनी इलाज केलाच नाही आणि तरी तयार सर्टिफिकेटं वाटतात अशा डॉक्टरांच्या बाबतीत ट्रिब्युनलनं, म्हणजे अपघाताचे क्लेम चालवणाऱ्या कोर्टानं, सावध राहावं. नुसता कागद दाखल करून भागत नाही, ज्यानं इलाज केला किंवा ज्यानं तपासून टक्का काढला तो डॉक्टर उलटतपासणीला यायला पाहिजे. आणि पुराव्यानं समाधान होत नसेल तर ट्रिब्युनल स्वतः मेडिकल बोर्डाकडं पाठवू शकतं. आता तुमचे ४८ टक्केवाले डॉक्टर साक्षीला उभे राहिले आणि कंपनीच्या वकिलानं विचारलं, 'पेशंटचा गुडघा किती अंशात वाकतो ते मोजलं का?' तर काय सांगणार ते? मोजलंच नाही. तिथंच तो कागद रद्दीत जातो, आणि सोबत तुमच्या भावाच्या खऱ्या दुखण्यावरचा विश्वासही.

दुसरं, सगळा तालुका ज्या टक्क्याच्या मागं लागलाय तो टक्का म्हणजे पैसा नाही हे डोक्यात घ्या. तीन वेगवेगळे आकडे असतात. पायाचं अपंगत्व किती, त्यावरून सगळ्या शरीराचं किती, आणि त्यावरून कमाईची ताकद किती गेली. त्याच राजकुमारच्या केसमधे सर्टिफिकेट होतं डाव्या पायाचं ४५ टक्के. कोर्टानं पूर्ण शरीराचं धरलं २५ आणि कमाईचं नुकसान धरलं २०. माणूस चीज विकायचा, तो धंदा पुढंही करता येईल असं कोर्टाला दिसलं. पण त्याच निकालात हेही आहे की हात कापला गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराचं नुकसान जवळजवळ शंभर टक्के असू शकतं आणि सरकारी कारकुनाचं तेवढं नसतं. म्हणजे आकडा खाली जातो तसा वरही जातो, आणि वर नेणारी गोष्ट असते काम.

तुमच्या भावाचं काम काय? दिवसभर कमरेत वाकून बुडापाशी कोयता मारायचा, मोळी बांधायची, ती डोक्यावर घेऊन फळीवरून चालत ट्रॉलीत चढायचं. ज्याचा गुडघा नव्वद अंशाच्या पुढं जात नाही तो उकिडवा बसू शकत नाही आणि डोक्यावर मोळी घेऊन त्या फळीवर तर अजिबात चढू शकत नाही. बोर्ड गुडघा मोजेल, फळी मोजणार नाही. फळी कोर्टापुढं आणायचं काम आपलं, म्हणजे भावाची साक्ष, मुकादमाची साक्ष, उचल किती घेतली होती त्याचा काही कागद असेल तर तो. आणि मुकादम उचल देतो ती जोडीला, नवरा-बायकोच्या एका कोयत्याला, तर भाऊ घरी बसल्यावर वहिनीचीही मजुरी बुडाली का तेही विचारून साक्षीत आणा.

आकड्यात बघा. समजा कोर्टानं महिना बारा हजार कमाई धरली. चाळिशीच्या आतला, स्वतःच्या हातावर पोट असलेला माणूस, त्याला २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरतात, झाले १६,८००. वर्षाचे २,०१,६००. वय ३२ ला गुणक, म्हणजे वयावरून ठरलेला गुणायचा आकडा, १६, म्हणजे ३२,२५,६००. यातले कमाईचं नुकसान २० टक्के धरलं तर ६,४५,१२०, आणि ५० टक्के धरलं तर १६,१२,८००. इलाजाचा खर्च, रॉड काढायचा पुढचा खर्च, घरी बसला त्या काळाची मजुरी, वेदनेचे पैसे हे सगळं वेगळं. आता सांगा, हा फरक ४८ च्या सर्टिफिकेटानं पडणार की फळीच्या साक्षीनं?

बोर्डापुढं काय होतं ते पण सांगून ठेवते म्हणजे भाऊ घाबरणार नाही. टेबलावर झोपवतात. कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत टेप लावून दोन्ही पाय मोजतात, एक पाय आखूड झाला का बघायला. गुडघ्याच्या वाटीपासून ठराविक अंतरावर दोन्ही मांड्यांचा घेर मोजतात, कारण जो पाय वापरात नाही त्याचा स्नायू वाळतो आणि ते कुणालाही नाटक करून दाखवता येत नाही. मग गोनिओमीटर नावाचं कोन मोजायचं साधन लावून गुडघा किती वाकतो ते बघतात, आधी तुम्हाला वाकवायला सांगतात मग स्वतः वाकवून बघतात. चालायला लावतात, मांडी घालायला सांगतात. आणि जे मोजत नाहीत तेही बघत असतात, दारातून कसा आला, चप्पल कशी काढली, टेबलावर कसा चढला. टेबलावर गुडघा तीस अंशात 'अडकतो' आणि बाहेर बाकड्यावर नव्वद अंशात मस्त बसलाय असं झालं की संपलं सगळं. जेवढं आहे तेवढं दाखवायचं. जास्त नाही आणि मर्दानगी दाखवायला कमीही नाही, आपल्याकडची माणसं 'काही नाही साहेब, चालतंय' म्हणून मोकळी होतात तेही तेवढंच नुकसानीचं.

इलाज अजून चालू असेल, पुढचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर वकिलाला सांगून ते कोर्टाच्या कानावर घाला. कायमचं अपंगत्व हे दुखणं एका जागी थांबल्यावर मोजायचं असतं. सोबत पहिल्या दिवसापासूनचे कागद, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनच्या नोंदी, आधीचे आणि आताचे एक्स-रे. दवाखाना कागद देत नसेल तर लेखी अर्ज करा, डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे मागणी केल्यापासून ७२ तासात कागद द्यावे लागतात.

शूटिंगचं टेन्शन घेऊ नका. कंपन्या तपासनीस पाठवतात, रस्त्यावरचं दिसतं ते शूट करतात. भाऊ बाजारातून पिशवी घेऊन लंगडत येताना दिसला तर दिसू दे, बोर्डापुढं 'मी अंथरुणातून उठत नाही' असं म्हटलं नाही म्हणजे झालं. आणि तो केस मिळवून देणारा गडी त्याचा हिस्सा टक्क्यात घेणार असेल तर टक्का पडायची भीती त्याला का वाटते ते तुम्हीच समजून घ्या.

प्रश्न : नमस्कार ताई. माझे मिस्टर लातूरला आडत दुकानात मुनीम होते. दोन वर्षाखाली लातूर-नांदेड रोडला जीपनं धडक दिली, डोक्याला मार लागला, अकरा दिवस आयसीयूत होते. आता दिसायला एकदम चांगले आहेत, हातपाय धड आहेत, पण हिशोब जमत नाही, एकच गोष्ट चारदा विचारतात, लेकरांवर धावून जातात, आधी असे नव्हते. बोर्डाकडं नेलं तर पाच मिनिटात हातपाय हलवून बघितले आणि अपंगत्व नाही असं लिहून दिलं. तपासणारे हाडाचे डॉक्टर होते असं नंतर कळलं. आता काहीच होणार नाही का? (अहमदपूर, जि. लातूर)

उत्तर : होईल, वहिनी. हाडाच्या डॉक्टरनं हाडं बघितली आणि हाडं चांगली आहेत असं लिहिलं, त्यांचं काही चुकलं असंही म्हणता येत नाही, चुकलंय ते पाठवण्यात. वकिलांकरवी ट्रिब्युनलला अर्ज द्या की दुखापत मेंदूची आहे, तपासणीत मेंदूविकाराचे आणि मानसोपचाराचे डॉक्टर असावेत आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या व्हाव्यात. अर्जात नुसतं 'अन्याय झाला' लिहू नका, तपासणीत काय झालं आणि काय झालं नाही ते लिहा.

अर्जाला जोड म्हणून पहिल्या दिवसाचा कागद शोधा. डोक्याचा मार असलेल्या पेशंटच्या पहिल्या नोंदीत जीसीएस म्हणून एक आकडा असतो, पेशंट किती शुद्धीवर आहे ते सांगणारा, ३ ते १५ मधला. कधी तो ई२ व्ही३ एम५ असा तुकड्यात लिहिलेला असतो, त्याची बेरीज करायची, इथं १०. तेरा ते पंधरा म्हणजे सौम्य मार, नऊ ते बारा मध्यम, आठ आणि त्याखाली गंभीर. दोन वर्षांनी सीटी स्कॅन चांगला दिसू शकतो पण तो पहिला आकडा कुणाला पुसता येत नाही.

आणि घरातला पुरावा, ह्या केसमधे तो डॉक्टरच्या कागदाइतकाच वजनाचा आहे. मिस्टरांच्या हातच्या अपघाताआधीच्या वह्या, पट्ट्या दुकानात असतील. सोयाबीनचं वजन, कट्टे, हमाली, तोलाई, आडत सगळं वजा करून निव्वळ रक्कम काढायची हे काम ते रोज दिवसातून किती वेळा करत असतील. तशीच एक पट्टी आता करायला बसवा आणि काय होतं ते बघा, तो कागद जपून ठेवा. आडत्याला साक्षीला आणा, कामावरून का कमी केलं हे त्यांच्या तोंडून आलं पाहिजे. तुम्ही स्वतः एक साधी वही घाला आणि तारीख टाकून दोन ओळी लिहीत जा, आज गॅस चालू ठेवून बाहेर गेले, आज धाकट्याचं नाव आठवलं नाही. रोज काही घडलंच पाहिजे असं नाही, चांगला दिवस गेला तर तसं लिहा, त्यानंच वही खरी वाटते.

अजून एक बारीक गोष्ट, विचारून बघा, त्यांना वास येतो का? फोडणी जळाली तरी कळत नाही असं झालंय का? डोक्याच्या मारानंतर वासाची नस जाणं हे बऱ्याचदा होतं आणि कुणी विचारत नाही म्हणून कुठंच लिहिलं जात नाही.

पुढच्या तपासणीला तुम्ही सोबत आत जा. ह्या आजाराचा पेशंट स्वतःहून 'मला काही झालं नाही' असंच सांगतो, म्हणून घरच्या माणसाचं ऐकून घ्या असं बोर्डाला नम्रपणे सांगा आणि अर्जातही तशी विनंती करून ठेवा.

प्रश्न : मी जिंतूर तालुक्यातली. एसटी स्टँडवर रिक्षानं उडवलं, कमरेच्या हाडाला फ्रॅक्चर. तपासणीला पुरुष डॉक्टर असतील तर? सोबत कुणी येऊ देतील का? (जि. परभणी)

उत्तर : ताई, पुरुष डॉक्टर तपासत असतील तर एक बाई तिथं हजर पाहिजे, हा रुग्णाचा हक्क म्हणून राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या सनदेत लिहिलेला आहे. नर्सला थांबवा म्हणा, नाहीतर तुमची बहीण, नणंद कुणीही. लाजून गप्प बसू नका, आणि लाजेपायी दुखणंही लपवू नका. कमरेच्या हाडाच्या फ्रॅक्चरनंतर लघवीचा त्रास, संबंधाच्या वेळी वेदना, पुढच्या बाळंतपणाची काळजी हे सगळं खरं नुकसान आहे, कोर्ट त्याचा विचार करतं, पण डॉक्टरच्या कागदावर ते आलेलं असेल तरच. तोंडानं सांगायला जड जात असेल तर घरून कागदावर लिहून न्या आणि तो कागद डॉक्टरच्या हातात द्या.

प्रश्न : ताईसाहेब, जालन्याच्या एका रोलिंग मिलमधे कामाला होतो, वय ३०. २०२५ च्या जूनमधे मशीनमधे उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाची दोन पेरं गेली. मालकानं त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरकडं नेलं, त्यांनी कागदावर बोटाच्या टोकाला इजा असं लिहिलंय. मालक पंचवीस हजार घे आणि सही कर म्हणतो. (जालना)

उत्तर : सही करू नका.

पहिलं बघा पगाराच्या स्लिपवर ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापली जात होती का. कापली जात असेल तर तुमचं प्रकरण ईएसआयसीकडं, त्यांचं मेडिकल बोर्ड अपंगत्व ठरवतं, पटलं नाही तर अपील आहे, आणि मालकावर वेगळा क्लेम चालत नाही. कापली जात नसेल तर १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा. नोव्हेंबर २०२५ पासून हा विषय नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय पण तुमचा अपघात त्याच्या आधीचा आहे.

या जुन्या कायद्यात मालकाच्या डॉक्टरकडं जावं लागतं हे खरं आहे. कलम ११. तुम्ही अपघाताची नोटीस दिल्यावर तीन दिवसाच्या आत मालकानं फुकट तपासणीची तयारी दाखवली तर तुम्ही जायचं, कारण नसताना नकार दिला तर भरपाईचा हक्क तेवढा काळ लटकतो. पण गेलं म्हणजे त्या डॉक्टरनं लिहिलेलं शेवटचं असं कुठंच नाही. तुम्ही तुमचा डॉक्टर दाखवू शकता, सिव्हिलला जाऊ शकता.

आता 'टोक' या शब्दाची किंमत काढू. कायद्याला जोडलेल्या तक्त्यात तर्जनीचं असं आहे : पूर्ण बोट गेलं १४ टक्के, दोन पेरं ११, एक पेर ९, आणि हाड न जाता नुसतं टोक गेलं तर ५. या कायद्याचा गुणक वेगळा आहे आणि तो महिन्याच्या पगाराला लावतात. वय ३० ला गुणक २०७.९८, पगार १५,००० धरला तर त्याचे ६० टक्के ९,०००, गुणिले २०७.९८ म्हणजे १८,७१,८२०. त्याचे ५ टक्के ९३,५९१ आणि ११ टक्के २,०५,९००. एका शब्दात लाखाच्या वर गेले, आणि मालक तर त्या ९३ हजारांच्याही खाली बोलतोय! हाताचा एक साधा एक्स-रे काढून घ्या, दोन पेरांची हाडं नाहीत हे त्यात कुणालाही दिसेल, मग त्या कागदावर काय लिहिलंय याला काही अर्थ राहत नाही. दोन वर्षाच्या आत याच कायद्याखालच्या कामगार भरपाईच्या कमिशनरकडं अर्ज गेला पाहिजे एवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : आमची मुलगी अमेरिकेत न्यू जर्सीत असते. मंडळी बाळंतपणासाठी तिच्याकडं गेली आणि कारला मागून धडक बसून मानेला-पाठीला मार लागला. मुलीच्या गाडीच्या पॉलिसीतून इलाज चालू आहे. आता कंपनीचं पत्र आलंय 'इंडिपेंडंट मेडिकल एक्झाम'ला या. मुलगी म्हणते इंडिपेंडंट म्हणजे निष्पक्षच असणार, जाऊन येऊ. मंडळींना इंग्रजी येत नाही. तुम्ही तिकडच्या वकील नाहीत, तरी चार शब्द सांगा. (नांदेड)

उत्तर : काका, तिकडची सनद माझ्याकडं नाही, त्यामुळं मुलीनं तिथला वकील गाठायचाच. पण मोटामोटी सांगते.

नाव इंडिपेंडंट आहे, डॉक्टर निवडते कंपनी आणि फी देते कंपनी. तो डॉक्टर इलाज करणार नाही, औषध लिहून देणार नाही, एकदा बघणार आणि कंपनीला रिपोर्ट देणार की इलाज अजून गरजेचा आहे का. म्हणून त्याला घरचा डॉक्टर समजून मन मोकळं करू नये. पण जाणं टाळूही नये. न्यू जर्सीत चूक कुणाचीही असो, इलाजाचा खर्च आपल्याच गाडीची पॉलिसी देते अशी व्यवस्था आहे आणि त्या पॉलिसीत तपासणीला हजर राहायची अट असते, वारंवार गैरहजर राहिलं तर पैसे थांबतात.

पुढं धडक देणाऱ्यावर दावा केला तर त्याचा वकील पण वेगळी तपासणी मागू शकतो. तिथल्या केंद्रीय कोर्टात हे नियम ३५ खाली चालतं, कोर्टाला सबळ कारण दाखवावं लागतं आणि आदेशात वेळ, जागा, कोण तपासणार, काय तपासणार हे ठरवून द्यावं लागतं, आणि रिपोर्टची प्रत मागता येते. न्यू जर्सीच्या राज्य कोर्टांचे नियम थोडे वेगळे आहेत. तिथं अशा तपासणीत सोबत माणूस ठेवायचा का, रेकॉर्डिंग करायचं का यावर वाद झाला आणि २०२३ मधे तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की हे प्रत्येक केसमधे बघून ठरवायचं, आणि ज्याला ते नको आहे त्यानं का नको ते कोर्टाला पटवून द्यायचं. हा निकाल दाव्यातल्या तपासणीचा आहे, पॉलिसीच्या तपासणीला तो लावता येतो का ते वकिलाला विचारा.

काकूंसाठी दुभाष्या आधीच लेखी मागा, मराठीचा, आणि मुलीनं स्वतः भाषांतर करायला बसू नये, उद्या कंपनी म्हणेल मुलीनं वाढवून सांगितलं. आणि काकूंना एक गोष्ट पाठ करून पाठवा. आपल्या बायका कुणी 'कशा आहात' विचारलं की कण्हत कण्हत सुद्धा 'बरी आहे' म्हणतात, तिकडं आत शिरताना डॉक्टर हसून तेच विचारतो आणि रिपोर्टात छापून येतं की पेशंट स्वतः म्हणाली ती बरी आहे. तर 'मान डावीकडं वळवली की दुखतं, रात्री झोप लागत नाही, बाळाला उचलून घेता येत नाही' असं नेमकं सांगायचं. आधी कधी कंबर दुखत होती का विचारलं तर खरं ते सांगायचं. नांदेडला पाच वर्षाखाली घेतलेला कंबरेचा पट्टा लपवला आणि नंतर निघाला तर सगळंच खोटं धरतील. बाहेर पडल्या पडल्या किती वाजता आत गेलो, किती वेळ तपासलं, कुठं हात लावला, काय विचारलं ते मुलीनं लिहून ठेवावं.

प्रश्न : तुळजापूरहून येताना माझ्या मुलाच्या मोटारसायकलला पिकअपनं कट मारला, तो पडला, पिकअप नंबरसकट लोकांनी पकडला. पण दवाखान्यात पहिल्या कागदावर 'बाईक स्लिप होऊन पडला' असं लिहिलंय. आता कंपनी म्हणते आमच्या गाडीचा संबंध नाही, आणि तपासणीचे डॉक्टर पण तोच कागद बघतात. (जि. धाराशिव)

उत्तर : हे इतक्या केसमधे बघितलंय की काय सांगावं. पेशंट बेशुद्ध, सोबतचा घाबरलेला, नाहीतर पोलिसाचं लचांड नको म्हणून कुणीतरी 'स्लिप झाली' सांगतं आणि ड्युटीवरचा डॉक्टर तेच लिहितो. डॉक्टरला अपघात माहीत नसतो, त्याला सांगितलेलं तो लिहितो.

आता कागद खाडाखोड करून बदलायच्या भानगडीत पडू नका, कुणी करून देतो म्हटलं तरी नाही. तो शब्द कुणी सांगितला हे शोधा. कागदावर बऱ्याचदा 'सोबत आणणाऱ्याने सांगितल्याप्रमाणे' असं असतं. आणणारा अपघात पाहिलेला नसेल, मागून आलेला असेल, तर त्यानं साक्षीत तेच सांगायचं. मुलगा त्यावेळी बोलायच्या अवस्थेत नव्हता हे त्याच कागदावरच्या इतर नोंदींवरून दाखवता येतं. मग एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, पिकअपवरच्या घासल्याच्या खुणा, ज्यांनी गाडी पकडली ती माणसं. २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताची पहिली माहिती ४८ तासात ट्रिब्युनलला आणि विमा कंपनीला आणि सविस्तर अहवाल ९० दिवसात ट्रिब्युनलला द्यायचा असतो, तो दिला का ते ठाण्यात जाऊन विचारा आणि प्रत मागा.

तपासणीच्या डॉक्टरनं 'अपघात कसा झाला' विचारलं तर मुलानं जे झालं तेच, एकाच पद्धतीनं सांगायचं. तिथं वाद घालायचा नाही, त्यांचं काम दुखापत बघायचं आहे, चूक कुणाची ते कोर्ट ठरवणार.

आणि क्लेम अजून टाकला नसेल तर आधी तारीख बघा. २०१९ च्या दुरुस्तीनं अपघातापासून सहा महिन्याची मुदत कायद्यात आली, १ एप्रिल २०२२ पासून ती लागू आहे. त्या मुदतीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे पण त्याच्या भरवशावर घरी बसू नका. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही क्लेम टाकता येतो, अपघात झाला तिथंच जायला पाहिजे असं नाही. दवाखान्याचे कागद मागायचा अर्ज आजच द्या, दोन प्रती करा आणि एकीवर शिक्क्यासहित पोच घ्या.